थाळीचा दुसरा फेरा

ब्रह्मपुरी,
२४ नोव्हेंबर २००२

स्वाती,

अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला टाकणार, हे मला माहीत आहे. टाकलंस तरी चुलीत टाकू नकोस, एवढंच. मी काही मागायला लिहीत नाहीये. म्हणजे मागायचं आहे, पण ते नंतर.

पत्ता सुनिलने दिला. काल दुपारी तुमच्या खानावळीत गेले. तुझा भाऊ चांगलाच सुटलाय, मिशीही ठेवलीये. मला पाहून त्याने आधी थाळीच लावायला घेतली, मग एकदम थांबला. "रोजा असन नं तुह्या?" मी मान हलवली. "मंग आली कायले?" ताईचा पत्ता हवाय म्हटलं. "नऊ वर्सं नाई लागला, आता काऊन लागून राह्यला?" असं त्याने तोंडावर विचारलं, आणि विचारायलाच हवं होतं. तरी दिला. पोळ्या आणि वांग्याची भाजी बांधून दिली, "रोजा सोडल्यावर खाजो" म्हणाला, आणि मी पायरी उतरताना मागून आवाज आला, "तिले तरास नको देजो, सुलताना."

त्रास द्यायला लिहीत नाही. मी एक गोष्ट पाहिली आहे आणि ती तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

मी मुलचेऱ्याच्या पुढे एका आश्रमशाळेत सहा वर्षं गणित आणि विज्ञान शिकवते. आमच्या स्वयंपाकघरात बुधरीबाई आहेत. पन्नाशीच्या असतील, जवळच्याच जंगलातल्या गावच्या. बोलतात कमी, आणि बोलतात तेव्हा समोरच्याची पंचाईत होते. मागच्या सोमवारी दुपारी पोरं पंगतीला बसली होती. माझा रोजा, म्हणून मी ओट्याला टेकून नुसतीच बघत होते. जेवणं उरकल्यावर मुलींनी बुधरीबाईंच्या मागे लकडा लावला, खेळ करा, खेळ करा. त्यांनी पळसाच्या पानांचा एक द्रोण घेतला, काठोकाठ पाणी भरलं आणि उजव्या तळहातावर ठेवला. मग द्रोण फिरवायला लागल्या.

आधी काखेखालून. द्रोण आडवाच, पाणी हलत नाही. कोपर वर चढलं, खांदा पिळला, द्रोणाने स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेतली आणि तो पुन्हा समोर आला. पण हात पार मुरगळलेला. मुली ओरडल्या, "अडकला, अडकला!" मला वाटलं, आता बाई उलट्या दिशेने सोडवतील. नाही. त्या त्याच दिशेने पुढे गेल्या. द्रोण डोक्यावरून नेला, आणखी एक गिरकी, आणि हात सरळ. पहिल्यासारखा. पकड तीच, तळहात आभाळाकडे, पाण्याचा थेंब सांडलेला नाही.

स्वाती, मी ओट्यापासून निघून थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"कुठे शिकलात हे?" विचारलं.

"माह्या आतीनं शिकवलं. लहान होतो तवा."

"एका फेऱ्यात हात का सरळ होत नाही?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भाकरी गोल का असते ते विचारतेय. "एका फेऱ्यानं अडकते, दुसऱ्यानं सुटते. तिसऱ्यानं पुन्ना अडकते. तसंच हाय ते. तुमी करून पाहा नं."

मी केलं. चहाच्या बशीने केलं, वहीने केलं, खडूच्या डबीने केलं. प्रत्येक वेळी तेच. एक फेरा, अडकला. दोन फेरे, सुटला. त्या संध्याकाळी रोजा सोडायला बसले तेव्हा उजवा खांदा इतका दुखत होता की खजूरही डाव्या हाताने उचलला, अम्मी असती तर फटका दिला असता.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण मला लिहून काढायची आहे. मार्च त्र्याण्णव, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, आपलं जोडीचं सेमिनार. विषय फिरणं. मी अब्बांच्या दुकानातलं सायकलचं चाक आणलं होतं आणि तू खानावळीतली स्टीलची थाळी. पंगतीत वाढताना बाकड्यांच्या गर्दीतून थाळी काढता काढता तुझ्या लक्षात आलेलं होतं ते. बाहेरून आलेल्या परीक्षकांना माझं चाक आवडलं. मग तू थाळी तळहातावर घेतलीस आणि म्हणालीस, सर, एक पूर्ण फेरा घेऊन वस्तू जागेवर येते, पण आजूबाजूशी तिचं नातं जागेवर येत नाही, त्याला दोन फेरे लागतात. ते हसले. "तीनशे साठ अंश म्हणजे शून्य अंश, एवढंही माहीत नाही? ही जत्रेतली हातचलाखी आहे." तुला शून्य गुण दिले. अकरा गुणांनी तुझा फर्स्ट क्लास गेला, त्याबरोबर नागपूरचं एम.एस्सी. गेलं, आणि मे महिन्यात तुझं लग्न झालं.

मी तिथे मूग गिळून बसले. मला तोंड उघडायला हवं होतं. ते राहून गेलं, त्याची मला लाज वाटते.

तू बरोबर होतीस. हे कुणीतरी तुला लेखी द्यायला हवं होतं, म्हणून मी देतेय.

सुलताना

आश्रमशाळा, ता. मुलचेरा,
८ डिसेंबर २००२

स्वाती,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी पोस्टमन दिसला की मी वर्ग सोडून दारात जाते. पोरांना वाटतं बाईंचं लग्न ठरतंय.

ईदला घरी गेले होते. अब्बांकडून एक जुनं अठ्ठावीस इंची चाक मागून आणलं, आणि बसमध्ये कंडक्टरशी भांडून मांडीवर घेऊन बसले. काल ते चाक वर्गात फिरवलं. आसाच्या एका टोकाला दोरी बांधली, दोरी आढ्याला, चाक उभं धरून जोरात फिरवलं आणि दुसरं टोक सोडून दिलं. तुला माहीतच आहे काय होतं. पोरांना माहीत नव्हतं. पुढच्या रांगेने हात पुढे केले, चाक पडेल म्हणून झेलायला. ते पडलं नाही. एका टोकाने लटकून तसंच आडव्या आसावर उभं राहिलं आणि दोरीभोवती सावकाश चालायला लागलं. पन्नास पोरांच्या वर्गात फक्त फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू येत होती.

एक मुलगी म्हणाली, "बाई, त्याले कोन धरून हाय?" मी तिला सूत्र सांगणार होते, फळ्याकडे वळलेही होते. पण मलाच ते कोण धरतं ते त्या क्षणी पुरतं कळेना. सूत्र येतं गं, पण डोळ्यांना अजूनही पटत नाही. अब्बांनी चाळीस वर्षं चाकं सरळ केली, तरी त्र्याण्णव साली आपण दुकानात पहिल्यांदा हे केलं तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मग काडेपेटी, चित्र माझ्याकडे धरलेली. पुढे एक पाव फेरा, मग उजवीकडे एक पाव फेरा. दुसऱ्या काडेपेटीला आधी उजवीकडे, मग पुढे. दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या तर एकीचं चित्र वर, दुसरीचं बाजूला. तीन अधिक पाच आणि पाच अधिक तीन सारखंच, हे मी याच पोरांकडून घोकून घेतलेलं. आता तीच विचारतात की फिरवताना हा नियम कुठे गेला. ही पोरं रानात वाढलेली, एवढीशी गोष्ट निराळी दिसली तरी त्यांच्या नजरेतून सुटत नाही. मला त्यांचा हेवा वाटला.

आता मागणं. अकरा जानेवारीला गडचिरोलीत जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांचं शिबिर आहे. साठेक जण येतील, नागपूरहून एक प्राध्यापक येणार. प्रत्येक शाळेने एक प्रयोग दाखवायचा. आमचे हेडमास्तर डोमाजी सर म्हणतात, "तुमचं ते चाक न्या, बाई, शाळेचं नाव होईल." मी त्यांना सांगितलं, चाक नाही, थाळी नेणार. आणि ती तू दाखवावीस. तुझी आहे ती. चारचौघांत ती खोटी ठरली, चारचौघांतच ती खरी ठरावी. भद्रावतीहून चंद्रपूर आणि तिथून गडचिरोली, सकाळी निघालीस तर अकरापर्यंत पोचशील.

मी गप्प का बसले तेही सांगते. अब्बांनी बजावलं होतं, फर्स्ट क्लास नाही आला तर शिक्षण बंद. चंद्रपूरच्या एका बांगडीवाल्याचं स्थळ घरात येऊन बसलं होतं. परीक्षक माझ्या चाकावर खूश होते. तुझी बाजू घेतली असती तर दोघींचं गेलं असतं. हे कारण आहे, सबब नाही. सबबच आहे म्हण हवं तर.

सुलताना

आश्रमशाळा,
२२ डिसेंबर २००२

स्वाती,

आधीच्या दोन्ही पत्रांत मी खोटं लिहिलं.

बुधरीबाईंना शिबिराला चला म्हणून विचारायला गेले होते. तू आली नाहीस तर निदान हात तरी असावा ज्याला ते लहानपणापासून येतं. त्या मोहाची वाळवलेली फुलं निवडत बसल्या होत्या. कशासाठी चलायचं, असं विचारलं त्यांनी, म्हणून मी सगळी हकिगत सांगितली. तुझी थाळी, ते परीक्षक, ते हसणं. त्या ऐकून घेतात, मधे बोलत नाहीत. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मंग त्या सायबानं तुमाले नाई इचारलं? तुमी तं सोबत होते."

मी म्हटलं, विचारलं ना.

"मंग तुमी काय सांगतलं?"

मी म्हटलं, काही नाही. त्यांनी हातातलं फूल बाजूला ठेवलं आणि त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मला तिथून उठताही येईना.

मी गप्प बसले नव्हते. तुला हे माहीतच आहे, तू तिथे होतीस. दोन पत्रं वाचली असशील तर दोन्ही वेळा दात ओठ खाल्ले असतील. परीक्षकांनी मला विचारलं, "तुम्ही जोडीदार आहात, तुम्ही सांगा, थाळी खरंच सुटते का?" आणि मी म्हणाले, "नाही सर. ती मधे पकड बदलते."

ती मधे पकड बदलते. चार शब्द, आणि मला ते सुचले कसे, हे मला आजही कळत नाही. आदल्या आठवड्यात तुमच्या खानावळीच्या मागच्या अंगणात आपण दोघींनी दोनेकशे वेळा ते केलं होतं. तू माझा तळहात धरून मला शिकवलंस. वरणाची वाटी ठेवून केलं, तेही न सांडता. पकड बदलत नाही हे जगात दोघींना माहीत होतं, आणि त्यातल्या एकीने भर वर्गात दुसरीला लबाड ठरवलं. तू माझ्याकडे पाहिलंस. थाळी अजून तुझ्या हातात होती. तू काही बोलली नाहीस, आणि मला त्या वेळी हायसं वाटलं. हायसं! हेच मला सर्वांत जास्त खुपतं.

पुढे मी स्वतःला समजावत गेले. थाळी सुटते ती कदाचित मनगट थोडं सरकत असेल म्हणून, परीक्षक शिकलेला माणूस, तो कसा चुकेल. इतकी वर्षं मी ते पुन्हा एकदाही करून पाहिलं नाही. गणित शिकवते आणि करून पाहिलं नाही! बुधरीबाईंच्या हातावरचा द्रोण फिरून सरळ झाला तेव्हा मला आनंद झाला असं पहिल्या पत्रावरून वाटलं असेल तुला. झालाच. पण त्याआधी भीती वाटली, कारण माझं खोटं बोलणं त्या पाण्यासकट माझ्यासमोर धरलेलं होतं.

शिबिरात ये किंवा येऊ नकोस. मी साठ जणांसमोर हे सांगणार आहे.

सुलताना

आश्रमशाळा,
१४ जानेवारी २००३

स्वाती,

तू आली नाहीस. मला राग आला. राग यायचा मला कसला अधिकार, पण आला, आणि साडेअकरापर्यंत मी हॉलच्या दाराकडे बघत बसले. बुधरीबाई म्हणाल्या, "किती पाहान? सुरू करा."

बोलायला उभी राहिले. तुझं नाव घेतलं, माहेरचं, पूर्ण. म्हटलं, हा प्रयोग हिचा आहे. १९९३ साली हिने तो परीक्षेत करून दाखवला, तेव्हा मी हिच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली आणि हिचं शिक्षण बुडवलं.  मला वाटलं आता काहीतरी होईल, कुणी छी थू करेल. मागून एकजण म्हणाला, "मॅडम, प्रयोग दाखवा नं, चहा थंडा हून राह्यला." काही लोक हसले. मी मनात इतकी मोठी करून ठेवलेली गोष्ट, तिचं तिथे कुणाला काही नव्हतं. ती फक्त तुझ्या-माझ्यात आहे.

मग बुधरीबाई पुढे आल्या. चप्पल काढली, द्रोणात पाणी भरलं. पहिला फेरा. "हात पाहा," मी म्हटलं. "द्रोण जिथे होता तिथेच आहे. पण हात?" दुसरा फेरा, डोक्यावरून. हात सरळ.

 मग सगळे एकदम उठले. चहाच्या बश्या, वह्या, एकाने तर पायातली चप्पल तळहातावर घेतली. साठ मास्तर आणि मास्तरणी काखेखालून हात घालून एकमेकांवर आदळत होते. इसरूजी म्हणून एक म्हातारे गुरुजी आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतात. त्यांनी दहा-बारा वेळा केलं, मग खुर्चीत बसले आणि डोळे पुसले. "तीस वर्सं पोराईले सांगून राह्यलो का पूर्ण फेरा म्हंजे जिथून निघाला तिथी वापस. आता काय सांगू?" बुधरीबाई त्यांच्या शेजारी जाऊन म्हणाल्या, "आता दोन सांगा, गुरुजी."

नागपूरचे प्राध्यापक तरुण आहेत. ते इतका वेळ भिंतीशी उभे होते. मी त्यांना विचारलं, सर, ही हाताची करामत आहे का? ते म्हणाले, हाताचा काही संबंध नाही. ज्या जागेत आपण फिरतो तिचाच हा स्वभाव आहे. इलेक्ट्रॉनलाही एक फेरा पुरत नाही, दोन फेऱ्यांनी तो पहिल्यासारखा होतो. तुमच्या मैत्रिणीला हे कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कुणी नाही, ती थाळ्या वाढायची.

स्वाती, मी खाली बसले. तुझी खानावळीतली थाळी आणि आपण ज्याचे बनलो आहोत तो कण, दोन्ही एकच नियम पाळतात. तू तो वाढता वाढता पकडलास. आणि मी तो सोडून द्यायला लावला. एवढं मोठं काहीतरी तुझ्या हातात होतं आणि मी तुझ्या हातावर चापट मारली, असं मला तिथे बसून वाटत राहिलं. भद्रावतीच्या क्वार्टरमध्ये तू डबे भरत असशील, पोरांचे गणवेश शिवत असशील, आणि तुझं गणित माझ्यामुळे मेलं. याची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही. मागते.

सुलताना

आश्रमशाळा,
३ फेब्रुवारी २००३

स्वाती,

पार्सल शुक्रवारी मिळालं. कापडात शिवलेलं, लाखेची मोहर लावलेलं, पत्ता तुझ्या तिरक्या अक्षरात. टाके बुधरीबाईंनी उसवले.

आत वीतभर लांबीरुंदीचा लाकडी खोका, पुढून मागून उघडा. मधोमध एक ठोकळा लोंबकळतोय, सहा इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर. एक वर, एक खाली, दोन्ही बाजूंना दोन दोन, सगळ्या खोक्याला आणि ठोकळ्याला खिळ्यांनी ठोकलेल्या. पट्ट्यांना पीळ पडलेला. आणि चिठ्ठी. "ठोकळा न फिरवता पट्ट्या सरळ कर. कात्री लावायची नाही, खिळे काढायचे नाहीत. स्वाती." बस. ख्यालीखुशाली नाही, शिवी नाही.

मी आधी खोक्याकडे बघतच राहिले. इथे हात नाही, खांदा नाही, मनगट नाही. प्राध्यापकांनी जे मला अकरा जानेवारीला सांगितलं, ते तू लाकडात ठोकून ठेवलेलं. खोका उलटा केला तर तळाला पेन्सिलने लिहिलंय, जून १९९४. त्याखाली १९९६. त्याखाली १९९९, मग २००१. खिळ्यांची जुनी भोकं दिसतात. इलॅस्टिक सैल पडलं की तू नवं लावत आलीस. म्हणजे लग्नानंतर वर्षभरात तू हे केलंस, आणि तेव्हापासून सोडवते आहेस, पिळते आहेस, सोडवते आहेस. मी इकडे समजून बसले की तुझं गणित माझ्या हातून मेलं. काय ही माझी मिजास! तुझं गणित मारायची माझी ऐपत होती का? तू ज्या ठिकाणी जाऊन पोचली आहेस तिथे मी अजून निघालेलीच नाही. शनिवारी दुपारी एकटी बसून मी रडले, आणि खरं सांगू, ते रडणं सुखाचं होतं.

मग सोडवायला घेतलं. दोन फेऱ्यांचा पीळ कसा सोडवतात ते आता मला येतं, शिबिरातून आल्यावर दोरीवर केलं होतं. पट्टी ठोकळ्याच्या वरून घ्यायची, खालून काढायची, ठोकळा हलू द्यायचा नाही. शनिवार गेला. पट्ट्या सुटत नाहीत. वरची सरळ केली की बाजूच्या पिळतात, बाजूच्या केल्या की वरची, आणि दर वेळी पीळ उलट्या बाजूला जाऊन बसतो. रविवारी मुलींना बसवलं, त्यांनाही नाही. डोमाजी सर येऊन चष्मा वर करून बघून गेले. मला तुझा राग यायला लागला, मग वाटलं, माझंच डोकं चालत नाही, स्वातीने सोपी गोष्ट पाठवली आणि मला तीही येत नाही.

आज सकाळी बुधरीबाई पीठ मळलेल्या हाताने आल्या. लांबूनच वाकून वरच्या पट्टीकडे बघितलं.

"बाई, तुमी मोजलं का?"

"काय?"

"फेरे. याच्यात एकच हाय."

मी मोजलं नव्हतं. गणिताची बाई, आणि दोनच असणार असं धरून चालले होते. वरच्या पट्टीवर बोट फिरवलं. एक. खालच्या पट्टीवर, एक. एका फेऱ्याचा पीळ पट्ट्या कशाही नेल्या तरी सुटत नाही, जन्मभर सोडवत बसलं तरी नाही, हे तुला माहीत आहे. तू चुकून असं करणारी नाहीस. आठ वर्षांचा सराव आहे तुला.

"मंग आनखी एक देऊन टाका," बुधरीबाई म्हणाल्या. "सुटून जाईन." खरं आहे. त्याच दिशेने अजून एक फेरा दिला तर दहा मिनिटांत मी पट्ट्या सरळ करीन. पण त्यासाठी ठोकळा फिरवावा लागतो, आणि तू लिहिलंस, फिरवायचा नाही.

तर माझं उत्तर हे. मी माझ्या बाजूने जेवढं करायचं तेवढं केलं. पत्रं लिहिली, खरं बोलले, साठ जणांसमोर बोलले. त्याने हा पीळ सुटत नाही. दुसरा फेरा माझ्या हातचा नाही.

येत्या रविवारी सकाळी पहिल्या गाडीने निघतेय, आष्टी, मग चंद्रपूर, मग भद्रावती. दुपारपर्यंत तुझ्या दारात असेन. हे पत्र माझ्या आधी पोचलं नाही तर दारातच वाचून दाखवीन. तू फेरा दिलास तर पट्ट्या मी सोडवीन. नाही दिलास तर खोका तुझ्या पायरीवर ठेवून संध्याकाळच्या गाडीने परत फिरेन, आणि त्यावर तुला एक शब्दही विचारणार नाही.

ठोकळा मी फिरवलेला नाही. बुधरीबाई साक्षीला आहेत, त्यांनाच विचार, त्याही सोबत येतायत.

सुलताना